इंजिनाची आंघोळ

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. मुलुंडच्या एका औषध कंपनीत साहेबांचा ड्रायव्हर होतो. साहेब चार बदलले, गाड्या सात बदलल्या, ड्रायव्हर विद्याधर घाडी एकच राहिला. त्यामुळे गाडीतलं मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं सटकतं. आमची रुक्मिणी म्हणते, तुमचं डोकं सटकायला गाडीच लागते असं काही नाही. तेही खरं आहे. पण गेल्या नवरात्रात मी जो पराक्रम केला तो याच डोक्याने केला, म्हणून आधीच सांगून टाकतो.

रुक्मिणीचं ऑपरेशन श्रावणात झालं. छातीत गाठ निघाली होती. ती काढली, आणि डॉक्टरांनी पंचवीस दिवस शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला सांगितलं. शनिवार-रविवार सोडून रोज, अंधेरीच्या हॉस्पिटलात. आम्ही राहतो घाटकोपरला, पंतनगरात. पहिले चार दिवस रिक्षाने गेलो. साकीनाक्याच्या खड्ड्यांतून रिक्षा उडायची आणि ही टाक्यांवर हात दाबून, दात आवळून बसायची. एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी निदान रिक्षावाल्याशी भांडलो असतो. पाचव्या दिवशी तीन रिक्षावाल्यांनी नकार दिला, मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी येता येता रद्द झाली, आणि ही आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी कठड्यावर डोळे मिटून बसून राहिली.

तेव्हा रतन सरवदे कामावर निघाला होता. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. चाळिशीचा असेल, पार्ल्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो. त्याने हिला बघितलं, माझ्याकडे बघितलं, वर गेला आणि गाडीची चावी घेऊन आला. म्हणाला, गाडी तर आठवडाभर खालीच उभी असते, मी मेट्रोने जातो, काकूंचं होईपर्यंत तुमच्याकडेच ठेवा. मी नको म्हणालो. मला सवयच आहे नको म्हणायची. रुक्मिणीने डोळे न उघडता हात पुढे केला आणि चावी घेतली.

एकवीस दिवस मी त्याची गाडी चालवली. रोज आणून त्याच जागी, त्याच रेषेत लावली. आतलं पायपुसणं झटकलं, काच पुसली. पण रतनला एका शब्दाने काही बोललो नाही. तो जिन्यात भेटला की मी मान हलवायचो आणि टायरमध्ये हवा भरली, वायपरचं पाणी भरलं असलं काहीतरी सांगायचो. आभार हा शब्द माझ्या जिभेवर येतच नाही, जड होतो. आमची आई लालबागच्या चाळीत शेजारणीची वाटी कधी रिकामी परत करायची नाही. घरात काही नसलं तर तळाला चिमूटभर साखर घालायची. मी तिचाच मुलगा. मला वाटत होतं, गाडी परत करीन तेव्हा अशी करीन की बघत राहील.

शेवटचा शेक सोमवारी झाला. बुधवारी खंडेनवमी होती, गुरुवारी दसरा. आणि बुधवारी पहाटे रतन आपल्या वडिलांना घेऊन नागपूरला निघणार होता, दीक्षाभूमीवर. दसऱ्याच्या दिवशी तिथे धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, लाखो माणसं जातात, हे मला माहीत होतं. त्याचे वडील, म्हणजे घरच्यांचे आबा आणि आमचे अंबादासदादा, यांच्यासाठी ते काय होतं, हे मात्र मला त्यांनीच सांगितलं होतं.

दादा पंच्याहत्तरीचे. गोदीत क्रेन चालवायचे. संध्याकाळी काठी टेकत खाली येतात आणि बाकावर बसतात, मीही तिथेच असतो. छपन्न साली ते सहा वर्षांचे होते. हिंगोलीकडच्या त्यांच्या गावातून माणसं नागपूरला निघाली, काही बैलगाडीने, काही पायी, पुढे रेल्वेने. दादा वडिलांच्या खांद्यावर होते. त्यांना फार काही आठवत नाही. पांढरी लुगडी आणि पांढऱ्या टोप्या आठवतात. आणि सगळी माणसं एका सुरात काहीतरी म्हणत होती तेव्हा वडिलांचे खांदे आपल्या मांड्यांखाली थरथरत होते, एवढं आठवतं. त्यानंतर ते कधी गेले नाहीत. आधी नोकरी, मग मुलांची शिक्षणं, मग बायकोचं आजारपण. दरवर्षी, पुढच्या वर्षी. दोन वर्षांपूर्वी पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आता त्या दिवसातल्या रेल्वेच्या गर्दीत शिरणं त्यांना शक्यच नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, आपल्या गाडीने, दर तासाला थांबत जाणार असाल तर जा. दादांनी बॅग आठ दिवस आधीच भरून ठेवली होती.

आता माझा पराक्रम.

आमच्या कंपनीत खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळे ड्रायव्हर गाड्या धुवायचे. नुसत्या बाहेरून नाही. बॉनेट उघडायचं, इंजिन रॉकेलच्या ब्रशने घासायचं, मग पाण्याचा पाइप सोडायचा. माझं म्हणणं असायचं की गाडीची पूजा म्हणजे इंजिनाची पूजा, पत्र्याला हार घालून काय उपयोग. साहेबांच्या फियाटचं इंजिन मी इतकं चकचकीत करायचो की बाकीचे ड्रायव्हर चिडायचे. पुढे नवीन गाड्या आल्या, त्यांची बॉनेटं कंपनीवालेच उघडायला लागले, आणि मी फक्त हार घालायला उरलो. मंगळवारी सकाळी रतनच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि आत एकवीस दिवसांची नव्हे, चांगली सात-आठ वर्षांची धूळ दिसली. मला फार आनंद झाला.

सोसायटीत टाक्या धुवायला आणलेला प्रेशरचा पंप होता. तो लावला. रुक्मिणी गॅलरीत उभी होती, तिथूनच म्हणाली, "इंजिनाक आंघोळ घालूक तुमका सांगला कोणी?" मी म्हटलं, तू आराम कर. तिने सांगितलं की रतनला विचारून घ्या आधी. मी म्हटलं, चौतीस वर्षं झक मारली काय मी? आणि पाणी सोडलं. कोपऱ्याकोपऱ्यात सोडलं. चिखलाचे ओघळ खाली आले, मग स्वच्छ पाणी यायला लागलं, आणि इंजिन असं लखलखलं की मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

मग गाडी चालू केली.

चालू झाली, पण तीन पायांच्या खाटेसारखी डगमगायला लागली. स्टीअरिंग हातात थडथडत होतं. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि मागून कच्च्या पेट्रोलचा वास आला. हे काय आहे ते मला कळलं. कळणार नाही असं कसं होईल? चारातला एक सिलिंडर पेटत नव्हता, कदाचित दोन. फियाटला असं झालं की मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचो, फडक्याने पुसायचो, दहा मिनिटांत काम. मी फडकं घेऊन खाली वाकलो आणि झाकण शोधायला लागलो. झाकण नव्हतं. वायरी नव्हत्या. एक काळं प्लास्टिकचं आवरण होतं, त्यावर कंपनीचं नाव, आणि त्याच्याखाली काय आहे हे मला माहीत नव्हतं. चौतीस वर्षं गाडी चालवलेला माणूस हातात फडकं घेऊन उभा होता आणि फडकं कुठे लावायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

बॉनेट उघडं ठेवून गाडी दोन तास उन्हात वाळवली. दुपारी चालू केली तर अगदी शहाण्यासारखी चालू झाली. देवाला हात जोडले आणि एक चक्कर मारायला हायवेवर गेलो. पुलाचा चढ लागला, अॅक्सिलरेटर दाबला, तशी तिने परत धक्के द्यायला सुरुवात केली आणि दिवा पुन्हा लुकलुकला. हळू चालवली की ठीक, जोर दिला की मिसिंग.

घरी येईपर्यंत माझ्या मनात एक विचार आला, तो लपवत नाही. हळू चालवली तर कळत नव्हतं. संध्याकाळी रतनला चावी द्यायची, गाडी चकचकीत, तो खूश. पहाटे तो निघेल आणि भिवंडीच्या पुढे कुठेतरी गाडीने मान टाकली तर त्याला वाटेल, जुनी झाली. माझं नाव येणारच नाही. हा विचार किती वेळ टिकला? दोन सिग्नल टिकला असेल. पण आला होता. ज्याने माझ्या बायकोला एकवीस दिवस खड्ड्यांतून सांभाळून नेऊ दिलं, त्याच्याबद्दल आला होता. मला माझी किळस आली.

रुक्मिणीला सगळं सांगितलं. ती चिडली असती तर चाललं असतं. तिने फक्त पदराने माझ्या कपाळावरचं ऑइल पुसलं आणि म्हणाली, "जावन सांगा."

मी म्हटलं, आधी दुरुस्त करतो, मग सांगतो. पंतनगरच्या मागच्या गल्लीत मिथुनचं गॅरेज आहे. तिथे दसऱ्याच्या आधीच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नव्हती. मिथुनने गाडीखालून डोकं बाहेर काढलं, माझं ऐकलं आणि म्हणाला की काका, पुढे सहा गाड्या आहेत, उद्या संध्याकाळी बघतो. मी सांगितलं की उद्या पहाटे जायचंय. तो म्हणाला, सगळ्यांनाच जायचंय. मग तीन ट्रॅव्हलवाल्यांना फोन केले. दसरा, त्यात गांधी जयंती, जोडून सुट्ट्या. नागपूरला जायला एकही गाडी कुणाकडे नव्हती.

चार वाजता तिसऱ्या मजल्यावर गेलो. रतन यायला अजून वेळ होता, हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर म्हणूनच गेलो. दार दादांनी उघडलं. आतल्या खोलीत इस्त्री चालू होती. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, नवेकोरे. ते स्वतःच इस्त्री करत होते, एका हाताने टेबल धरून. मला म्हणाले, "बसा की घाडीभाऊ. सुनबाई बाजारात गेलीय. ही एवढी बाही झाली की चहा टाकतो." मी बसलो नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. गाडी मी धुतली. इंजिन धुतलं, प्रेशरच्या पाण्याने. आता ती धक्के देतेय. उद्या ती नागपूरला जाईल असं मला वाटत नाही. मिथुनला वेळ नाही आणि दुसरी गाडी मिळत नाही. एका दमात सगळं सांगून टाकलं आणि जमिनीकडे बघत राहिलो.

दादांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. सदरा हँगरला लावला, हँगर खिडकीच्या गजाला अडकवला, बाही सारखी केली. त्यांना वेळ लागत होता की ते वेळ घेत होते, मला कळेना. मग त्यांनी विचारलं, "इंजिन कशापायी धुतलं?"

"चांगली करून द्यायची होती दादा," मी म्हणालो. "तुमच्या रतनने माझ्यासाठी एवढं केलं. मला काहीतरी करायचं होतं."

ते खुर्चीत बसले. काठी मांडीवर आडवी घेतली. खिडकीतल्या सदऱ्याकडे बघत राहिले आणि मला वाटलं, हा माणूस आता रडला तर मी या खोलीतून बाहेर कसा जाणार? ते रडले नाहीत. त्यांनी टेबलावरचा आपला मोबाइल उचलला आणि माझ्या हातात दिला.

"रतनला लावा," म्हणाले. "माझ्याकडून नको. तुम्हीच सांगा त्याला, नीट सांगा. काय झालं ते कळलं म्हणजे दुरुस्त करता येतं."

मी रतनला सांगितलं. पलीकडे काचेच्या नळ्या एकमेकींवर वाजत होत्या. मग त्याने विचारलं की दिवा लुकलुकतोय का, की नुसताच लागलाय. लुकलुकतोय, म्हणालो. मग आता चालवू नका काका, म्हणाला, जोर देऊन तर अजिबात नको, मी येतो. एवढंच. मी त्याच्या शिव्यांची तयारी करून ठेवली होती, ती तशीच राहिली.

पाऊण तासात तो आला. आम्ही दोघांनी गाडी अगदी हळू मिथुनकडे नेली. रतन उतरून आत गेला, मिथुनला एका बाजूला घेतलं, खांद्यावर हात टाकून काहीतरी बोलत राहिला. मी गाडीपाशी उभा होतो. परत येताना मिथुनच्या हातात पाना होता. कुणाची तरी गाडी त्याने पुढे ढकलून ठेवली आणि रतनची आत घेतली.

ते काळं आवरण काढायला त्याला एक मिनिट लागलं. खाली चार नळकांड्या उभ्या होत्या. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल, तिच्या खाली लांब रबराची टोपी. नव्या गाड्यांत वायरी नसतात काका, सरळ प्लगवरच कॉइल बसते, असं त्याने मला समजावलं. मला कुणी गाडीतलं शिकवत होतं आणि मी गप्प उभा राहून ऐकत होतो. त्याने दुसरी कॉइल उपसली आणि मला वाकायला सांगितलं. प्लग ज्या खोल भोकात बसतो ते पाण्याने भरलं होतं. वर माझ्या चेहऱ्याचा तुकडा दिसत होता.

"विहीर झालीय," मिथुन म्हणाला.

त्याने हवेची नळी लावली तसं पाणी उडालं आणि अर्धं माझ्या तोंडावर आलं. तिसऱ्यातही पाणी होतं. पहिलं आणि चौथं कोरडं निघालं. त्याने प्लग काढून पुसले, भोकं कोरडी केली, कॉइली एकेक तपासल्या. दुसरी मेलेली होती. ती बदलावी लागणार होती. तेवढ्यात त्याने तिची रबराची टोपी दिव्यासमोर धरली आणि मान हलवली.

"हे रबर आधीच गेलेलं काका," म्हणाला. "चिरलंय. पाणी त्यातूनच गेलं. हायवेवर एक जोरदार सर लागली असती तरी हेच झालं असतं."

रतन लगेच म्हणाला, "बघा काका. बरं झालं इथेच कळलं. आबांना घेऊन मध्येच कुठे अडकलो असतो तर?"

माझ्या छातीवरचा दगड निम्मा उतरला. मी ते रबर हातात घेऊन बघायला मागितलं, पण मिथुनने ते कॉइलसकट तेलकट चिंध्यांच्या डब्यात टाकलं होतं आणि नवी कॉइल बसवायला घेतली होती.

सहा वाजता काम झालं. मिथुन म्हणाला की नुसतं उभ्या उभ्या चालवून कळणार नाही, भरल्या गाडीने वेगात एक फेरी मारा. आम्ही बिल्डिंगखाली गेलो, दादांना पुढे बसवलं. मी मागचं दार उघडायला गेलो तर रतनने चावी माझ्या पुढे धरली आणि तोच मागे बसला. म्हणाला, "तुम्ही चालवा. तिचा आवाज तुम्हालाच जास्त कळतो आता."

हायवेला लागलो. मुलुंडच्या टोलनाक्यापर्यंत आणि परत. पुलाच्या चढावर मी अॅक्सिलरेटर दाबला आणि श्वास धरला. गाडीने काही केलं नाही. गाडीने काही न करणं ही इतकी सुंदर गोष्ट असते हे मला चौतीस वर्षांत कळलं नव्हतं. दिवा लागला नाही, स्टीअरिंग हललं नाही. दादा बाहेर बघत होते. मध्येच त्यांनी मला विचारलं की नागपूरपर्यंत अशाच किती फेऱ्या होतील. पस्तीस-चाळीस, मी म्हणालो. ते हसले.

पहाटे पाचला ते निघाले. रतन, त्याची बायको माधुरी आणि दादा. मी गॅलरीतून बघितलं, खाली गेलो नाही. दिवसभर फोन हातात होता. इगतपुरीच्या पुढे थांबलो, चहा घेतला. गाडी ठीक. संभाजीनगर सोडलं. गाडी ठीक. प्रत्येक निरोपाच्या शेवटी रतन हे दोन शब्द लिहायचा. संध्याकाळी सहाला पोचल्याचा फोन आला तेव्हा मी जेवलो. रुक्मिणी म्हणाली, माझ्या ऑपरेशनच्या दिवशीही तुम्ही दुपारी जेवला होता.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी दादांचा फोन आला. मागे इतका आवाज होता की मला निम्मं कळेना. ते ओरडून सांगत होते की रतनने घडीची खुर्ची आणली होती, पण मी बसलो नाही. "दोन तास उभा राहिलो घाडीभाऊ. हाड दुखलं नाही. काही दुखलं नाही." मग त्यांचा आवाज फुटला, आणि फोन बहुधा माधुरीने घेतला. ती म्हणाली, काका, आबा ठीक आहेत, नंतर बोलतील. मी बरं म्हणालो. फोन ठेवून मी बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून ठेवला.

शुक्रवारी मला खुमखुमी आली. रुक्मिणी त्या आंघोळीवरून मला उठता बसता बोलत होती, आल्यागेल्याला रंगवून सांगत होती. मला पुरावा हवा होता. म्हणून मिथुनकडे गेलो आणि म्हटलं की ते चिरलेलं रबर दे जरा, बायकोला दाखवायचंय. मिथुन कान खाजवायला लागला. म्हणाला, फेकलं असेल. मी स्वतःच चिंध्यांच्या डब्याकडे वळलो. जुनी कॉइल तिथेच होती. टोपी काढली, उजेडात धरली, दोन्ही बोटांनी ताणली, उलटी करून बघितली. एक चीर नव्हती. नव्यासारखं मऊ रबर होतं. एवढं तरी मला कळतं.

"काका, रागवू नका," मिथुन म्हणाला. "रबर ठणठणीतच होतं. पाणी तुमच्या प्रेशरनेच गेलं. रतन म्हणालेला, आधीचंच काहीतरी गेलेलं होतं असं सांग त्यांना. काकूंचं आजारपण काढलंय त्यांनी, त्यात हे मनाला लावून घेतील. कामाचं आधी बोललाच नाही तो, पहिलं हेच बोलला."

मला राग आला. आधी रागच आला. दोन पोरांनी मिळून मला, विद्याधर घाडीला, गाडीच्या बाबतीत बनवलं होतं. तो राग घेऊन मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि तिथे तो पुढे येईना. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. त्या संध्याकाळी रतनच्या बापाचा सत्तर वर्षांचा हट्ट माझ्यामुळे टांगणीला लागला होता. त्याच्याकडे बारा तास होते. आणि खांद्यावर हात टाकून तो मिथुनशी जे बोलत होता, त्यात पहिली गोष्ट माझी होती. माझी लाज वाचवायची होती त्याला, तीसुद्धा मला न कळता. आयुष्यात माझ्यासाठी पुष्कळांनी काही काही केलं असेल. इतक्या गुपचूप कुणी केलेलं मला माहीत नाही. मी पायरीवर बसून मोठ्याने म्हणालो, भला माणूस आहे रे. शेजारून जाणाऱ्या बाईने माझ्याकडे वळून बघितलं.

ते लोक रविवारी दुपारी परतले. संध्याकाळी रतन आमच्याकडे आला. रुक्मिणीने त्याला बसवलं, चहा ठेवला. तो रस्त्याचं सांगत होता, दादा येताना गाडीत कसे सलग चार तास झोपले ते सांगत होता. मला तो उन्हाने काळवंडलेला, थकलेला दिसत होता आणि फार जवळचा वाटत होता. मी दोन दिवस घोकलेलं सगळं विसरलो.

"रतन," मी म्हणालो, "तुझे फार उपकार आहेत रे माझ्यावर. मला बोलता येत नाही. तुझ्यामुळे आमचं निभावलं."

रुक्मिणी चहाची गाळणी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

रतन अवघडला. हातातलं बिस्किट त्याने बशीत ठेवलं. "काय काका, गाडीचं एवढं काय," म्हणाला. "आणि इंजिनाचं अजून डोक्यात असेल तर काढून टाका. ते रबरच चिरलेलं होतं."

जुनी कॉइल माझ्या कपाटात होती, धड रबरासकट. मी त्याच्याकडे बघितलं. तोही माझ्याकडे बघत होता, जरा काळजीने.

"हो रे," मी म्हणालो. "मी बघितलं ना. चांगलं बोटभर चिरलेलं."